आईच्या सुरीची मूठ : कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

सुरी आठवडी बाजारातली, लोहाराने घडवलेली. साधं कार्बन पोलाद, पातं १५ सेंमी. पात्याचीच पट्टी मागे मुठीच्या टोकापर्यंत गेलेली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या पातळ फळ्या, आणि आरपार तीन लोखंडी रिबिटा. मूठ १०५ मिमी लांब, २० मिमी उंच, जेमतेम १२ मिमी जाड. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन ९६ ग्रॅम. पातं उत्तम आहे, धार धरून ठेवतं. आईला दुसरी सुरी नको आहे, तेव्हा बदलायची ती फक्त मूठ.

आईचं वय ७१. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून जो सांधा असतो, त्याची झीज झाली आहे. फिजिओथेरपिस्टनी पट्टा दिला, व्यायाम दिले आणि जाता जाता म्हणाल्या, "रोज हातात धरायच्या वस्तूंच्या मुठी जाड करून घ्या." या नोंदींची सुरुवात त्या एका वाक्यातून झाली.

आज आईला भाजी चिरताना नुसतं बघत बसले. मूठ इतकी बारीक की बोटं पूर्ण मिटून त्यांची टोकं तळव्यात रुततात, तरी सुरी हातात फिरतेच. ती फिरू नये म्हणून आई अंगठा मुठीच्या बाजूवर दाबून धरते. दुखणं नेमकं तिथे आहे. चिमटीच्या टोकाशी एक किलोचा जोर लागला की अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर सरासरी १२ किलोचा दाब येतो, असा हिशेब १९७७ सालच्या एका अभ्यासात मांडला आहे. घट्ट आवळून धरताना तो १२० किलोपर्यंत जाऊ शकतो. कांदा चिरायला जोर फारसा लागत नाही; सगळा जोर जातो सुरी धरण्यात.

आई पन्नास वर्षं विळीवर चिरत आली. विळीचं पातं पाटाला पक्कं बसवलेलं, पाट पायाखाली दाबलेला, भाजी दोन्ही हातांनी पात्यावर पुढे सारायची. धरायला मूठच नाही, म्हणून अंगठ्याने काही आवळून धरायची गरज पडत नाही. गुडघ्यांमुळे खाली बसणं बंद झालं, ती ओट्यापाशी उभी राहिली आणि सुरी हातात आली. अंगठ्याची तक्रार त्यानंतरच्या वर्षांतली आहे. सांधा आधीपासून झिजत असणार, पण जो भार विळी कधी टाकत नव्हती तो सुरीने टाकला, अशी माझी खात्री झाली आहे.

म्हणून या कामाची कसोटी आत्ताच लिहून ठेवते: नवी मूठ अशी हवी की सुरी ढिल्या हातात धरली तरी फिरणार नाही आणि निसटणार नाही. दिसायला कशी, हा प्रश्न नंतरचा.

१० नोव्हेंबर

मुठीला हात लावण्याआधी धार. बोथट पात्यावर जाड मूठ बसवून उपयोग नाही, कारण दाबावं लागणारच. आधी ४०० नंबरच्या खरबरीत आणि मग १००० नंबरच्या बारीक ओल्या दगडावर लावली. टोमॅटोच्या सालीवर ठेवून नुसती ओढली की आत जाते.

आणखी दोन बिनखर्चाच्या गोष्टी. चिरायच्या फळीखाली ओलं फडकं पसरलं, त्यामुळे फळी सरकत नाही आणि डाव्या हाताला ती धरून ठेवावी लागत नाही. आमचा ओटा ३४ इंच उंच, आई जेमतेम पाच फूट. त्यावर फळी ठेवली की तिचं कोपर वर उचललं जातं. आता जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसून चिरते. एवढ्यानेच थोडा फरक पडला, असं ती म्हणाली.

१६ नोव्हेंबर

दुसऱ्यांनी काय केलं आहे ते बघण्यात आजचा दिवस गेला.

स्वीडनमध्ये मारिया बेंक्टसन आणि स्वेन-एरिक युलिन या दोन डिझायनरांनी १९७४ मध्ये हातात जोर नसलेल्यांसाठी पाव कापायची सुरी केली. तिची मूठ करवतीसारखी उभी आहे. पातं आडवं, मूठ त्याच्याशी काटकोनात, त्यामुळे मनगट सरळ राहतं आणि ढकलायचं काम पूर्ण हात करतो. सोबत पाव धरून ठेवणारी चौकटही होती. अतिशय विचारी वस्तू. पण पाव कापायची चाल एकच असते, पुढे आणि मागे. आमच्याकडे त्याच सुरीने कोथिंबीर बारीक करायची, गवारीची टोकं काढायची, वांग्याला चार चिरा द्यायच्या, बटाट्याचा डोळा टोकाने कोरायचा. उभी मूठ यातल्या निम्म्या कामांत आडवी येईल. लाल भोपळ्यासाठी कधीतरी तशी एक वेगळी सुरी करायची आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. उद्योजक सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे सोलाणं धरणं जड जात होतं. त्यातून १९९० मध्ये ऑक्सो कंपनीची जाड, मऊ, काळ्या मुठीची सोलाणी आणि इतर वस्तू बाजारात आल्या. त्यांची मूठ गोल नाही, लंबगोल आहे. गोल मूठ ओल्या हातात फिरते. लंबगोल मूठ फिरत नाही आणि पात्याची धार कुठल्या दिशेला आहे ते न बघता हाताला कळतं. जाडी आणि लंबगोल आकार मी इथून घेतला. मनगट सरळ ठेवण्याचा विचार स्वीडनच्या सुरीतून.

बोटांसाठी खाचा करायच्या नाहीत, हेही आज ठरलं. खाचांच्या मुठी दुकानात छान वाटतात, पण खाच म्हणजे बोटांनी कुठे बसायचं याचा हुकूम. आईचा हात दर भाजीला जागा बदलतो. कांद्याला ती पुढे सरकून पात्याची पाठ चिमटीत घेते, गाजराला पूर्ण मूठ वळते, मिरचीला मागे धरते.

१७ नोव्हेंबर

मापं घेतली. पात्याला जाड पुठ्ठा गुंडाळून चिकटपट्टी लावली. पुरीला मळतो तशी घट्ट कणीक मळून मुठीभोवती लिंपली, वरून प्लॅस्टिकचा पातळ कागद. आईला म्हटलं, "आई, गाजर चिरतेस तशी धर, पण आवळू नकोस."

पहिला थर फार जाड झाला होता. तिचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांपासून लांब राहत होते. थोडी थोडी कणीक काढत गेले. अंगठ्याचं टोक तर्जनीच्या पहिल्या पेरावर अलगद टेकलं तिथे थांबले. आईच म्हणाली, "आता हात भरल्यासारखा वाटतोय." गोळा आडवा कापून कागदावर आकार उतरवला: जाडी २५ मिमी, उंची ३३ मिमी. तळव्याची रुंदी ७५ मिमी, म्हणून मूठ १२० मिमी लांब, म्हणजे मागे धरलं तरी टोक तळव्याच्या मध्यावर टोचणार नाही.

क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिपही चढवून पाहिली, खाली सुती दोरा गुंडाळून. पकड फारच चांगली, ओल्या हातातसुद्धा. पण तिच्या रेघांमध्ये कोथिंबिरीचे कण आणि ओलावा अडकतो, आणि खालचा दोरा वाळत नाही. ज्यांना आजच्या आज आराम हवा आहे त्यांनी काही दिवसांसाठी हे जरूर करावं, आठवड्याला उतरवून धुण्याच्या तयारीने. कायमसाठी लाकूडच.

२३ नोव्हेंबर

सकाळी पुण्याच्या भवानी पेठेत टिंबर मार्केट, दुपारी बोहरी आळी. लाकूड कुठलं घ्यायचं यावर आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांशी बराच वेळ बोलले. बाभळीच्या बाजूने ते ठाम होते, कारण शेतीच्या अवजारांचे दांडे पिढ्यान्‌पिढ्या बाभळीचे होत आले आहेत. चिवट लाकूड, धक्का सोसतं. पण सुरीला कुऱ्हाडीसारखा धक्का बसत नाही आणि बाभूळ जड. शिसवी दिसायला राजस, मात्र तिची धूळ कित्येकांच्या कातडीला आणि श्वासाला सोसत नाही. सागाला पाण्याची सवय आहे, तो फारसा फुगत-आकसत नाही आणि वजनाने मध्यम. काकांनी शेवटी स्वतःकडचा जुन्या चौकटीचा तुकडा काढून दिला. "ताई, हा साग वाळून वाळून जितका आकसायचा तितका आकसलाय. नवा घेऊ नका." टिंबर मार्केटमधून आणलेला तुकडा आता दुसऱ्या कामाला.

बोहरी आळीतून रिबिटांऐवजी ४ मिमीची पितळी सळई, चिकटवायला अरल्डाइट, ८० ते ३२० नंबरचे पॉलिश पेपर.

२४ नोव्हेंबर

जुनी मूठ काढली. रिबिटांची डोकी कानशीने सपाट केली, मधोमध पंच मारून ड्रिलने पोखरली आणि मागून ठोकून बाहेर काढली. फळ्या निघाल्यावर आतल्या पट्टीवर तांबूस गंजाचा थर, फळीच्या आतल्या बाजूला काळे डाग. पाणी वर्षानुवर्षं आत मुरत होतं. १२० नंबरच्या पेपरने पट्टी लख्ख केली. पट्टीची जाडी २ मिमी, गंजाने खाल्लेले खड्डे वरवरचे, भोकं शाबूत.

जुन्या मुठीत या पट्टीच्या कडा वर आणि खाली उघड्या होत्या. म्हणजे तळव्यावर लाकडाइतकाच लोखंडाच्या अरुंद कडेचा दाब होता. नव्या मुठीत पोलाद पूर्ण लाकडाच्या पोटात जाईल.

३० नोव्हेंबर

पट्टी २० मिमी उंच, मूठ ३३ मिमी हवी. नुसत्या दोन फळ्या लावल्या तर वर-खाली त्यांच्यामध्ये २ मिमीची फट राहील. म्हणून मध्ये भरणा हवा. सनमायकाचे १ मिमीचे दोन तुकडे एकावर एक चिकटवले, बरोबर २ मिमी झाले, आणि पट्टीच्या आकाराचा भाग कोरून काढला. सनमायका पाण्याने फुगत नाही. चकचकीत बाजू ८० नंबरने घासून खरबरीत करणं आवश्यक, नाहीतर अरल्डाइट धरत नाही.

वाढीव १३ मिमी वर-खाली कसे वाटायचे यावर विचार करावा लागला. पातं फक्त ३५ मिमी उंच आहे. मूठ खाली वाढवली तर बोटांची पेरं फळीवर आपटतील. म्हणून वर ९ मिमी आणि खाली ४ मिमी. तरीही पेरांना जागा कमीच आहे, पण आई फळी टेबलाच्या कडेला ठेवून मूठ फळीच्या बाहेर राहील अशी चिरते, तेव्हा अडचण नाही.

सागाच्या दोन फळ्या कापल्या: १२५ × ४० × १३ मिमी. एक फळी पट्टीला सी-क्लॅम्पने आवळून पट्टीच्या भोकांतून ड्रिल केलं, मग दुसरी तशीच. दोन्ही फळ्यांना मापाने वेगवेगळी भोकं पाडली असती तर सळई आरपार जाताना अडली असती.

फळ्यांची पुढची टोकं, पात्याकडची, आत्ताच उतरती करून ३२० नंबरपर्यंत घासून तेल लावण्यासाठी तयार केली. एकदा चिकटवल्यावर तिथे पेपर फिरवला की पात्यावर ओरखडे उठतात. हे काम चिकटवण्याच्या आधीच व्हायला हवं.

१ डिसेंबर

चिकटवलं. सागात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे अरल्डाइट लावायच्या अगदी आधी फळ्या अ‍ॅसिटोनने पुसल्या. पट्टी आणि सळईचे तुकडेही. सळई पेपरने आडवी घासून घेतली. अरल्डाइटच्या दोन्ही नळ्या समान भाग, चांगलं घोटून. सगळ्या थरांना लावून सळया आत ठोकल्या आणि तीन क्लॅम्प, बेताने आवळलेले. फार आवळलं तर अरल्डाइट सगळं बाहेर येतं आणि सांध्यात काही उरत नाही. पात्याच्या मुळाशी बाहेर आलेलं लगेच थिनरच्या फडक्याने पुसलं. डिसेंबरातल्या पुण्याच्या थंडीत हे सावकाश सुकतं, म्हणून दिवसा उन्हाच्या खिडकीत ठेवणार. आठवडाभर हात लावायचा नाही.

७ डिसेंबर

आकार द्यायला सुरुवात. आधी खरबरीत कानस, नंतर बारीक. तोंडाला मास्क, कारण सागाच्या धुळीबरोबर सनमायका आणि सुकलेल्या अरल्डाइटचीही धूळ उडते. मोटारीवर चालणारं घासायचं यंत्र सुतारकाकांकडे आहे, पण मी हातानेच केलं. पितळी सळई यंत्रावर झटकन तापते, उष्णता आत उतरते आणि अरल्डाइट मऊ पडतं. शिवाय हाताने घासताना दर पाच मिनिटांनी थांबून मूठ आईच्या हातात देता येते. या कामात ते थांबणंच महत्त्वाचं.

पूर्ण मुठीचा लंबगोल झाल्यावर दोन जागी मुद्दाम लाकूड राखलं. पुढे खालच्या बाजूला ३ मिमीचा छोटा ओठ, हात पुढे घसरून पात्याच्या टाचेवर जाऊ नये म्हणून. मागच्या टोकाला खाली हलका फुगवटा, म्हणजे सुरी मागे ओढताना करंगळी त्याला अडते आणि मूठ आवळावी लागत नाही.

८ डिसेंबर

दाब कुठे येतो ते बघण्यासाठी आईच्या तळव्याला खडूची पूड लावली. दोन बटाटे, एक गाजर चिरायला दिलं आणि मूठ बघितली. लाकडावर पांढरं सगळीकडे सारखं उतरायला हवं. अंगठ्याच्या मुळाच्या गादीखाली पूड पूर्ण घासली गेली होती, म्हणजे तिथे उंचवटा आहे. मधल्या बोटांखाली जवळजवळ काहीच नव्हतं. उंचवटा उतरवला, परत पूड, परत बटाटा. असं करता करता डाव्या बाजूचा वरचा खांदा उजवीपेक्षा जास्त उतरला आहे. मूठ आता दोन्ही बाजूंनी सारखी नाही. ती आईच्या उजव्या हाताची आहे, आणि डावखुऱ्या माणसाला ती अवघड वाटेल.

चिरलेल्या बटाट्यांची रात्री भाजी झाली.

१४ डिसेंबर

८०, १२०, २४० नंबरच्या पेपरने घासलं. मूठ ओल्या फडक्याने पुसली की लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात. वाळल्यावर ते २४०ने हलकेच काढले, आणि हे पुन्हा केलं. आता धुतल्यावर मूठ खरखरीत होणार नाही. २४०वरच थांबले. आणखी गुळगुळीत केली तर हातात छान वाटते, पण ओल्या हातातून सरकते. व्हार्निश याच कारणाने नको, शिवाय ते काही महिन्यांनी टवके धरून सुटतं आणि खाली पाणी शिरतं.

जवसाचं कच्चं तेल लावलं. शेंगदाण्याचं किंवा तसलं रोजच्या स्वयंपाकाचं तेल चालत नाही. ते सुकत नाही, चिकट राहतं आणि खवट होतं. जवसाचं तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होतं. थर अगदी पातळ, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं. तेल पुसलेल्या फडक्याचा बोळा करून टाकू नये. तेल सुकताना उष्णता निघते आणि बोळ्यात ती साठून फडकं आपोआप पेटू शकतं. आमचं फडकं पाण्यात भिजवून गच्चीत दोरीवर पसरलं आहे.

२८ डिसेंबर

तेलाचे थर पुरे झाले, मूठ कोरडी वाटते. शेवटचं काम पात्यावर: पाठीची कड काटकोनी होती, आणि कांदा चिरताना आईची तर्जनी नेमकी तिच्यावर टेकते. मुठीपासून पुढे चार बोटं एवढी कड पेपरने गोल केली. अर्ध्या तासाचं काम, पण बाजारातल्या कुठल्याही सुरीवर हे आधी करावं, मूठ बदला अथवा न बदला.

वजन १३३ ग्रॅम. तोल मागे सरकला आहे, पात्याचं टोक हलकं वाटतं.

१३ जानेवारी २०२५, भोगी

खरी परीक्षा आज. गाजर, वांगी, घेवडा, बटाटा आणि बाजूला सोललेला पावटा-हरभरा. एरवी आई थोडं चिरून सुरी खाली ठेवते, अंगठा चोळते आणि मग पुढचं घेते. आज घेवडा आणि वांगी सलग झाली. मी समोर बसून हाताकडेच बघत होते: अंगठा मुठीवर नुसता टेकलेला, नखाखालची कातडी पांढरी पडलेली नाही. घेवडा चिरताना मधेच तिने बोटं किंचित उघडली, तरी सुरी जागची हलली नाही.

गाजर अजून जड जातं. जाड गाजराला मधोमध पहिला छेद द्यायला जोर लागतोच, तो मुठीने कमी होत नाही. ते उभे छेद मी देऊन ठेवले, पुढचं आईने केलं. भोपळ्याचंही तसंच असेल.

अंगठा दुखायचा थांबला असं नाही. संध्याकाळी पट्टा लावला होता. पण बाजरीच्या भाकरी तिने स्वतः थापल्या. गेल्या वर्षी भाजी चिरल्यावर भाकरीचं काम माझ्याकडे आलं होतं.

२ फेब्रुवारी

रोजच्या वापरातली तपासणी. सनमायकाची तपकिरी रेघ सगळीकडून बंद, नखाने कुठे फट लागत नाही. पितळेच्या ठिपक्यांभोवती लाकूड आकसलेलं नाही. पुढच्या ओठाखाली तेलाचा थर थोडा उतरला आहे, तिथे पुन्हा एक हात दिला. सुरी भिजत ठेवायची नाही, धुऊन लगेच पुसायची. हे कार्बन पोलादामुळे आई आधीपासूनच करते.

तिची एकच सूचना होती. मिरची चिरताना मागे धरलं की शेपटाचा फुगवटा करंगळीच्या बाहेर राहून मनगटाच्या कडेला लागतो. मागचं टोक ५ मिमी कापून पुन्हा गोल केलं, फुगवटा तेवढाच पुढे घेतला, तेल लावून वाळत ठेवलं. रविवारी सकाळी केलं, संध्याकाळी आईने मिरच्या चिरून पाहिल्या आणि म्हणाली, "आता सोलाण्याचं बघ."